जिम्नी ५० मिमी उचलल्यावर मागच्या ॲक्सलचं गणित

अर्धाइंच

गाडी पाच दरवाज्यांची जिम्नी, मॅन्युअल. पुढे-मागे ५० मिमी उंचीच्या स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे लांब शॉक्स. टायर कंपनीचेच, १९५/८० आर १५. आता तीन तक्रारी:

१) ८५ ते १०० च्या दरम्यान खालून गुणगुण येते. सीटच्या बुडाला लागते, स्टिअरिंगला नाही.
२) मागून बघितलं की एका बाजूचा टायर मडगार्डच्या जास्त बाहेर दिसतो.
३) घाटातल्या लागोपाठच्या वळणांवर गाडी मागून स्वतःच वळते असं वाटतं.

किट विकणारा म्हणतो, "अलाइनमेंट मारून घ्या, सगळं बसेल." मागे सॉलिड ॲक्सल आहे (दोन्ही चाकं एकाच अखंड आडव्या ॲक्सलवर), तिथे अलाइनमेंटवाला नक्की काय बसवणार?

गोळाबेरीज

काही नाही बसवणार. फार तर थ्रस्ट अँगलचा (मागचा ॲक्सल गाडीच्या मध्यरेषेला किती तिरका आहे त्याचा) आकडा छापून देईल. मागे फिरवायला त्याच्याकडे एकही नट नाही.

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. जिम्नीच्या मागच्या ॲक्सलला दोन ट्रेलिंग आर्म (चासीपासून मागे ॲक्सलपर्यंत जाणारे दांडे) आणि एक पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा दांडा). प्रत्येक आर्म ॲक्सलला दोन रबरी बुशांनी धरलेला, चासीला एका बुशने. दोन बुश असल्यामुळे आर्म आणि ॲक्सल जवळजवळ एकच तुकडा होतात. गाडी उचलली की आर्मचं मागचं टोक खाली झुकतं आणि ॲक्सलचं सगळं हाऊसिंग (कवच) त्याच्याबरोबर फिरतं, पिनियनचं (शाफ्ट जिथे ॲक्सलला जोडतो त्या गिअरचं) नाक वर. आर्म ६०० मिमीचा धरला आणि लिफ्ट ५० मिमी, तर फिरणं सुमारे ४.८ अंश. (६०० हा हिशेबापुरता आकडा, आपल्या गाडीचा बुशच्या मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत टेपने मोजा.)

गुणगुण याच्यामुळे. प्रॉपशाफ्टच्या (मागच्या ॲक्सलला ताकद नेणाऱ्या फिरत्या नळीच्या) दोन टोकांच्या क्रॉसवर (कोनात फिरू देणाऱ्या सांध्यांवर) कोन सारखे असले तर एका क्रॉसने शाफ्टच्या वेगात घातलेला हेलकावा दुसरा क्रॉस पुसून टाकतो. पिनियन फिरला की ही बरोबरी मोडते.

ओळंबा

गुणगुण क्रॉसचीच आहे हे आधी पक्कं करा, नाहीतर टायर बॅलन्सिंगवर पैसे जातील. १९५/८० आर १५ चा व्यास ६९३ मिमी, म्हणजे १०० च्या वेगाला चाक मिनिटाला ७६५ च्या आसपास फिरतं. टायरचा दोष असेल तर सेकंदाला १३ झटके, ते थरथरीसारखे जाणवतात. फायनल ड्राइव्ह (शाफ्ट ते चाक गुणोत्तर) ४.१ धरलं तर शाफ्ट ३१४० आरपीएमला फिरतो. क्रॉसच्या कोनाचा हेलकावा शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा येतो, म्हणजे सेकंदाला १०५. कानाला ती घुमणारी गुणगुण असते, थरथर नव्हे. बुडाला लागणारी गुणगुण हाच तो प्रकार.

आणखी एक खूण: त्याच वेगाला ॲक्सिलरेटर दाबून, मग सोडून बघा. भार बदलल्यावर आवाजाचा पोत बदलला तर संशय प्रॉपशाफ्टवर. न्यूट्रलमध्ये घालूनही तस्साच राहिला तर टायर किंवा बेअरिंग आधी तपासा. हे रिकाम्या सपाट रस्त्यावर करा, उतारावर न्यूट्रल नको.

नवशिक्या_चालक

मग पिनियन पुन्हा खाली आणला की झालं ना? बाजारात २५ मिमीचे ड्रॉप ब्रॅकेट मिळतात, आर्मचं चासीकडचं टोक खाली आणणारे.

गोळाबेरीज

नाही. अर्धी दुरुस्ती इथे नुसती अपुरी नाही, ती उलटी पडते. आकडे मांडतो, वहीत उतरवून घ्या.

लिफ्टच्या आधी: ट्रान्सफर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या पेटीचा) आउटपुट मागे ३ अंश उतरता, शाफ्ट ५ अंश, पिनियन ३ अंश. दोन्ही क्रॉसवर २-२. छान.

लिफ्टनंतर लोक धरतात की पिनियन ५० मिमी खाली गेला. तो जात नाही. ॲक्सलचा मध्य ५० मिमी जातो. पिनियनचा फ्लँज ॲक्सलच्या २५० मिमी पुढे धरा, हाऊसिंग ४.८ अंश फिरल्यामुळे तो २१ मिमी परत वर येतो, म्हणजे निव्वळ २९. शाफ्ट ८०० मिमीचा असेल तर त्याचा उतार २.१ अंशांनी वाढून ७.१ झाला. पिनियन मात्र ३ चा ७.८ झाला. पुढच्या क्रॉसवर ७.१ वजा ३, म्हणजे ४.१. मागच्यावर ०.७, तोही उलट दिशेचा.

दोन्हींचे वर्ग करा, वजा करा, वर्गमूळ काढा: उरलेला कोन साधारण ४. हा ३ च्या आत ठेवायचा असा प्रघात आहे.

आता २५ मिमीचा ब्रॅकेट टाका. पिनियन ५.४ वर आला, पण तो खालीही गेला, त्यामुळे शाफ्टचा उतार ७.९ झाला. क्रॉसवर ४.९ आणि २.५. उरलेला कोन ४.२! होता त्याहून वाईट. "ब्रॅकेट टाकला तरी आवाज गेला नाही" ही तक्रार इथून येते, आणि बिचाऱ्या ब्रॅकेटला शिव्या बसतात.

पूर्ण ५० चा ब्रॅकेट: पिनियन परत ३, शाफ्ट ८.६, क्रॉसवर ५.६ आणि ५.६. बरोबरी झाली, उरलेला कोन शून्य. पण प्रत्येक क्रॉस ५.६ वर चालतोय. प्रॉपशाफ्ट बनवणाऱ्यांच्या रूढ तक्त्यांत ३००० आरपीएमला कमाल ५.८ च्या आसपास आणि ३५०० ला ५ देतात. १०० च्या वेगाला तुम्ही काठावर, त्यापुढे काठाबाहेर.

ओळंबा

आणि तिथेच ट्रान्सफर केस कामाला येते. जिम्नीत ती गिअरबॉक्सला चिकटलेली नाही, वेगळी टांगलेली आहे, मध्ये छोटा शाफ्ट आहे. माउंट आणि चासीच्या मध्ये स्पेसर घालून ती खाली आणता येते. गोळाबेरीज यांच्याच आकड्यांवर १५ मिमी खाली आणली तर शाफ्टचा उतार १.१ अंशाने कमी होतो.

नुसती ट्रान्सफर १५ खाली, ब्रॅकेट नाही: क्रॉसवर ३.० आणि १.८, उरलेला कोन २.४.
ब्रॅकेट ५० आणि ट्रान्सफर १५: क्रॉसवर ४.५ आणि ४.५, उरलेला शून्य.
ब्रॅकेट २५ आणि ट्रान्सफर १५: ३.८ आणि १.४, उरलेला ३.५. इथेही मधला मार्ग हरला.

म्हणजे नुसती गुणगुण घालवायची तर स्पेसर पुरतात. वळणावरची तक्रारही घालवायची तर ब्रॅकेट पूर्ण उंचीचे.

२० मिमीचा मोह होईल, कारण मागच्या शाफ्टला ते अजून मानवतं. पण गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरमधला शाफ्ट आखूड आहे. ३०० मिमीचा धरला तरी १५ मिमीला त्याचा कोन २.९ ने वाढतो, २० ला ३.८ ने. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये तो सगळ्यांत वेगाने फिरणाऱ्यांपैकी आहे. एकीकडची गुणगुण दुसरीकडे नेण्यात अर्थ नाही. केस सगळ्या माउंटवर सारखीच खाली आणा, तिरकी झाली की छोट्या शाफ्टची बरोबरी मोडते. आणि नंतर ४एल (लो रेंज) नीट पडतंय का बघा, लिव्हरची ओढ बदललेली असते.

अर्धाइंच

कोन मोजायचे कसे? मोबाइलचं ॲप चालेल?

गोळाबेरीज

चालेल, पण कव्हर काढून. फोनची गोल कड आणि कव्हर मिळून सहज एका अंशाची चूक देतात. चुंबक असलेला डिजिटल अँगल गेज सोपा पडतो.

गाडी चाकांवर उभी हवी. जॅकवर घेतलेला कोन फुकट आहे, कारण ॲक्सल लोंबकळतो. पिट असेल तर उत्तम. नसेल तर चारही चाकांखाली सारख्या उंचीचे रॅम्प. टाकी अर्धी, टूलबॉक्स आणि जो नेहमीचा पसारा असतो तो गाडीतच. शाफ्टचा कोन नळीवर घ्या, वेल्डिंग आणि बॅलन्सचं वजन टाळून. पिनियनचा कोन फ्लँजच्या तोंडावर उभा गेज धरून घ्या आणि ९० तून वजा करा. ट्रान्सफरचाही तसाच. प्रत्येक ठिकाणी तीनदा घ्या. तीन वेळा तीन आकडे आले तर गेजखाली चिखल आहे.

शाफ्ट काढणार असाल तर आधी फ्लँज आणि योकवर पंचने खूण करा. सरकत्या सांध्यातून शाफ्टचे दोन भाग वेगळे झाले आणि एक दातरा चुकून जोडले, की दोन क्रॉस एका रेषेत राहत नाहीत. मग वरचे सगळे आकडे बरोबर असूनही गाडी घुमते.

चिखलयात्री

दुसऱ्या तक्रारीचं उत्तर पॅनहार्ड. रॉडचं एक टोक चासीला, दुसरं ॲक्सलला. गाडी वर गेली की रॉड जास्त तिरका होतो, त्याची आडवी लांबी कमी होते आणि ॲक्सल चासीकडच्या टोकाच्या बाजूला ओढला जातो. रॉड ९०० मिमी आणि दोन टोकांच्या उंचीत आधी ६० मिमी फरक असेल तर ५० च्या लिफ्टने तो ११० होतो. सरकणं: (११० चा वर्ग वजा ६० चा वर्ग) भागिले १८००, म्हणजे ४.७ मिमी. आधीचा फरक १०० असेल तर ६.९. म्हणून 'दोन इंचाला इतके मिमी' असा एकच आकडा कुणी सांगितला तर ऐकू नका.

मोजायला ओळंबा लागतो (सदस्य नव्हे, खरा). चासीच्या दोन्ही रेलवर समोरासमोर एकाच ठिकाणाहून दोरा सोडा, दोऱ्यापासून रिमच्या कडेपर्यंत अंतर घ्या. मडगार्डपासून मोजू नका, बॉडी चासीवर स्वतःच दोन-चार मिमी इकडेतिकडे बसलेली असते. दोन बाजूंत १२ मिमी फरक आला तर ॲक्सल ६ ने सरकलाय.

रॉड ॲडजस्टेबल घ्या आणि तेवढा लांब करा. दोन्ही टोकांना उलट-सुलट आटे असतील आणि पिच १.५ असेल तर एका फेऱ्यात ३ मिमी. एकाच टोकाला आटे असतील तर ते टोक बोल्टमधून काढून अर्ध्या फेऱ्याच्या हिशेबाने फिरवावं लागतं. आटे बोल्टच्या जाडीच्या किमान दीडपट आत राहिले पाहिजेत. लॉकनट आवळताना दोन्ही बुशची तोंडं एकमेकांना समांतर धरा, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो.

गोळाबेरीज

लांब रॉडने ॲक्सल मध्यावर येतो, पण रॉडचा तिरकेपणा तसाच राहतो. मागचं रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात कलते तो) साधारण रॉडच्या मध्याच्या उंचीवर असतं. चासीचं टोक ५० वर गेलं, ॲक्सलचं तिथेच, म्हणजे रोल सेंटर २५ वर आणि गाडीचं वजन ५० वर. कलंडण्याचा हात २५ मिमीने वाढला. ॲक्सलकडचा ब्रॅकेट तेवढाच उंच केला तर रॉड मूळ कोनावर येतो, लांबीही मूळचीच चालते, रोल सेंटरही ५० वर येतं. माझी पसंती यालाच. मात्र उंच ब्रॅकेटवर आडवा झटका जास्त पल्ल्याने बसतो. त्याला हाऊसिंगकडे तिरका आधार नसेल तर वेल्डिंगच्या कडेला तडा जातो. आणि बम्प स्टॉपपर्यंत (ॲक्सलला वर थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) दाबून रॉड गोळ्याच्या (डिफरन्शियलच्या) कव्हरला किंवा सायलेन्सरला लागत नाही हे बघायचं.

वळणाची तक्रार: आर्मचं पुढचं टोक उंच आणि मागचं खाली असलं की वळणात बाहेरचं चाक दबताना मागे सरकतं, आतलं लोंबताना पुढे. सगळा ॲक्सल थोडा फिरतो आणि मागची चाकं पुढच्यांच्या उलट दिशेला बघू लागतात. गाडी मागून वळते हे वाटणं नाही, ते खरंच आहे. डावं-उजवं-डावं अशा घाटात ते जास्त कळतं. याला आर्मचा तिरकेपणा कमी करणं एवढाच उपाय, म्हणजे ड्रॉप ब्रॅकेट. जाड स्टॅबिलायझर बार टाकून कलणं कमी केलं तर लक्षण झाकेल, पण दगडांत मागचं चाक लवकर उचललं जाईल.

ब्रॅकेटची किंमत पोटाखाली मोजावी लागते. चाकांच्या पुढे चासीखाली ५० मिमीचा खुंट लोंबतो आणि कातळाच्या पायरीवरून उतरताना पहिला तोच टेकतो. ज्यांचं निम्मं चालवणं खडकात आहे त्यांनी ब्रॅकेटऐवजी बुशची भोकं कोन सुधारून पाडलेले आर्म बघावेत. पण त्यांनी फक्त पिनियन सरळ होतो, आर्मचा तिरकेपणा तसाच राहतो.

नवशिक्या_चालक

सगळं बसवल्यावर बोल्ट आवळायचे, बस?

ओळंबा

कधी आवळायचे यातच अर्धं काम आहे. बुशमधलं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. ॲक्सल लोंबकळत असताना आवळलं तर तोच त्याचा शून्यबिंदू होतो. गाडी खाली उतरवली की रबर कायम पिळलेलं. गाडी एखाद-दोन सेंटीमीटर जास्त उंच दिसते, मालक खूश होतो, आणि काही महिन्यांत बुशला चिरा पडतात. आर्म आणि पॅनहार्डचे सगळे बोल्ट आधी फक्त हाताने घट्ट. गाडी चाकांवर उतरवा, मागचा बम्पर चार-पाच वेळा दाबून सोडा, दोन-चार मीटर पुढे-मागे ढकला, मग टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्याला. १०० किमीला आणि ५०० किमीला पुन्हा तपासा.

त्याआधी स्प्रिंगा न घालता ॲक्सल वर-खाली करून बघायचा. दोन्ही बाजू पूर्ण वर, दोन्ही पूर्ण खाली, मग एक वर एक खाली. लांब शॉकची मिटलेली लांबीही जास्त असते. बम्प स्टॉप पूर्ण दबल्यावर शॉकचा दांडा किमान १० ते १५ मिमी शिल्लक हवा, नाहीतर शॉकच बम्प स्टॉपचं काम करतो आणि त्याचं वरचं माउंट फाटतं. कमी पडत असेल तर बम्प स्टॉपखाली स्पेसर. खाली लोंबताना शेवट शॉकने केला पाहिजे, ब्रेकच्या रबरी पाइपने नाही. पाइपला तिथेही ३०-४० मिमी ढील हवी. एबीएसची तार, हाऊसिंगची ब्रीदर नळी, हँडब्रेकची केबल तिन्ही बघा. मागे ड्रम आहेत; केबल ताणली तर एक चाक लोंबल्यावर त्याचा ब्रेक आपोआप लागतो आणि ड्रम तापतो.

चिखलयात्री

पुरवणी: पिनियन वर उचललेला ठेवणार असाल, म्हणजे नुसत्या ट्रान्सफर स्पेसरचा मार्ग, तर गोळ्यातलं तेल मागे साचतं आणि पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला कमी पोहोचतं. लेव्हल प्लगही हाऊसिंगबरोबर फिरलाय, त्याची 'काठोकाठ' आता खरी नाही. गाडीचं मागचं टोक थोडं वर घेऊन भरा, म्हणजे थोडं जास्त बसतं. अति भरलं तर ब्रीदरमधून किंवा ॲक्सलच्या सीलमधून ड्रममध्ये उतरेल.

आणि हाऊसिंग फिरलं की स्प्रिंगची खालची बैठकही तिरकी होते, स्प्रिंग धनुष्यासारखी वाकते. मधले वेटोळे एका बाजूला घासल्याची चकाकी दिसली तर बैठकीत पाचरीचा स्पेसर.

पाटेवाला

कॉइलवाल्यांची चर्चा संपली असेल तर पाट्यांचंही (लीफ स्प्रिंगचंही) दोन ओळीत होऊन जाऊ दे. २०२० च्या आधीची थार मागे पाट्यांवर आहे, जिप्सी चारही बाजूंना.

शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणारी पट्टी) लांब केला तर लिफ्ट निम्मीच मिळते: ५० मिमी लांब शॅकल, २५ मिमी लिफ्ट. मागच्या शॅकलने पाटा पुढच्या डोळ्याभोवती फिरतो, म्हणून इथेही पिनियन वर जातो. तो सुधारायला पाटा आणि बैठकीच्या मध्ये पाचर. २, ४, ६ अंशांच्या मिळतात. पोलादी घ्या, ॲल्युमिनियमच्या चिरडतात. जाड बाजू पुढे की मागे हे अंदाजाने ठरवू नका, एकदा लावून गेज ठेवा. पाचरीने सेंटर बोल्ट आखूड पडतो. त्याचं डोकं बैठकीच्या भोकात पूर्ण बसलं पाहिजे, नाहीतर ॲक्सल पाट्यावर मागे-पुढे सरकतो. यू-बोल्ट नवेच. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरू नका, दिसायला कितीही चांगला असो.

पाटे ॲक्सलच्या वर घेतले तर जिप्सी ५ इंचाच्या आसपास उचलली जाते. तेव्हा नव्या बैठका आधी वेल्डिंगच्या कच्च्या टाक्यावर ठेवा, गाडी चाकांवर उतरवून पिनियन बघा, मगच पूर्ण वेल्डिंग. इथे पाटे टॉर्कने एस आकारात वळतात आणि चढावर पिनियन आणखी वर जातो, म्हणून उभ्या गाडीत तो १-२ अंश खाली ठेवायचा. तरीही पहिल्या गिअरमध्ये लो रेंजला चाक उड्या मारत असेल तर टॉर्क आर्मशिवाय इलाज नाही.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. ज्या जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकला भार ओळखणारा व्हॉल्व्ह आहे, त्याची काडी ॲक्सलला जोडलेली असते. गाडी उचलली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. काडीचा ब्रॅकेट लिफ्टइतका सरकवा.

नवशिक्या_चालक

आणि फक्त मागचीच बाजू उचलली तर? सामान भरल्यावर गाडी बसते म्हणून.

गोळाबेरीज

जिम्नीचा व्हीलबेस २५९० मिमी. मागून २५ वर गेली तर सगळी गाडी ०.५५ अंश पुढे कलते आणि पुढचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे असलेला कल) तेवढाच कमी होतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग हलकं, भटकं लागतं. पुढे कॅस्टर सुधारणारे बुश असतील तर चालेल. सामान रोजचं नसेल तर स्प्रिंग कडक करण्यापेक्षा कॉइलच्या आत बसणारा हवेचा फुगा बरा. रिकाम्या गाडीत हवा कमी करता येते.

चिखलयात्री

कायद्याचंही माहीत असू द्या. मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्हींचा रोख कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून हटू नका असा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघाताच्या क्लेममध्ये सर्व्हेअरच्या नजरेत सगळ्यात आधी वेल्ड केलेला ब्रॅकेट भरतो.

अर्धाइंच

गेज लावून मोजलं. ट्रान्सफर २.८, शाफ्ट ६.९, पिनियन ७.४. रिमपासून दोऱ्यापर्यंत डावीकडे १३ मिमी जास्त. चालवणं बहुतेक घाट आणि कच्चा रस्ता, खडक क्वचित.

गोळाबेरीज

क्रॉसवर ४.१ आणि ०.५, उरलेला कोन ४.१. गुणगुणणारच.

खडक क्वचित असेल तर ५० चे ब्रॅकेट, १५ चे ट्रान्सफर स्पेसर. क्रम असा: आधी ब्रॅकेट, मग स्पेसर, मग पुन्हा कोन, आणि पॅनहार्ड सगळ्यात शेवटी. ॲक्सल ६.५ ने सरकलाय, पण ब्रॅकेटनंतर तो आकडा थोडा हलेल. आज रॉड लावून लॉकनट आवळलात तर परत सोडावा लागेल.